मागितलेल्या पैशांचा हिशेब

(परदेशात शिकवायला जाणारे तरुण स्वयंसेवक पैसे कसे उभे करतात आणि त्या पैशांबरोबर कोणती जबाबदारी येते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, काम केले की पैसे मिळतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण आधी पैसे जमवून मग परक्या देशात काम करायला जाणारी मुले तुम्हांला माहीत आहेत का? एकदा मी वर्गात त्यांच्याविषयी सांगत होतो. तेव्हा एक विद्यार्थी चटकन म्हणाला, "सर, मग तेवढे पैसेच तिकडे पाठवले तर?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी स्कॉटलंडला जाऊ.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात कॉल नावाचे बेट आहे. वस्ती जेमतेम दीडशे-दोनशे माणसांची. १९६७ साली निकोलस मॅक्लीन-ब्रिस्टल यांनी स्थापन केलेल्या 'प्रोजेक्ट ट्रस्ट' या संस्थेचे काम या बेटावरून चाले. नुकतीच शाळा संपवलेली सतरा ते एकोणीस वर्षांची मुलेमुली ओबान बंदरातून बोटीने तेथे येत. काही दिवस त्यांना ठेवून घेऊन त्यांची निवड होई. मग ती मलावी, होंडुरास, चीन अशा देशांत जात आणि त्यांतील बरीच जण शाळांत इंग्रजी शिकवत.

मलावी हा आफ्रिकेतील देश. तेथे १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले. शाळेतील मुलांची संख्या सुमारे एकोणीस लाखांवरून तीस लाखांच्या आसपास गेली. शिक्षक आणि खोल्या तेवढ्या वाढल्या नाहीत. एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले बसू लागली. तेथील बरीच मुले घरी चिचेवा भाषा बोलतात. माध्यमिक शाळेत मात्र बहुतेक विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. घरची भाषा एक आणि पुढच्या शिक्षणाची दुसरी! ही अडचण तुम्हांला वेगळी समजावून सांगायला नको.

अशा ठिकाणी वर्षभर जायचे, तर विमानाचे तिकीट, विमा, प्रशिक्षण असा खर्च येतो. २०१५च्या सुमारास एकेका स्वयंसेवकाला सहा हजार पौंडांच्या आसपास रक्कम उभी करावी लागे. ही रक्कम वडिलांच्या खिशातून न घेता स्वतः जमवावी, अशी अपेक्षा असे.

ब्रिटनमधील मुले यासाठी अनेक उपाय करतात. कोणी घरी केक करून विकतो, कोणी मोटारी धुतो. कोणी मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांचे सामान पिशव्यांत भरून देतो. सर्वांत परिचित उपाय म्हणजे पदयात्रा. समजा, एक मुलगी वीस मैल चालणार आहे. ती एका तक्त्यावर देणाऱ्याचे नाव आणि रक्कम लिहून घेते. तीस जणांनी मैलामागे अर्धा पौंड कबूल केला, तर तीनशे पौंड होतात. देणारा आयकर भरत असेल, तर सरकार त्याच्या प्रत्येक पौंडामागे पंचवीस पेन्स धर्मादाय संस्थेला देते. सर्व तीस जण कर भरणारे असले, तर तीनशेचे पावणेचारशे होतात. आता तुम्हीच गणित करा. सहा हजारांसाठी अशा सोळा पदयात्रा हव्यात!

रस्त्यावर डबा घेऊन उभे राहायचे असेल, तर आधी तेथील नगरपालिकेचा परवाना लागतो. डबाही मोहोरबंद असावा लागतो. कारण तो पैसा मुलीचा नसतो. उर्दूत आपण जिला अमानत म्हणतो, तिलाच मराठीत ठेव म्हणतात. ठेवीतील पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. एवढ्या पैशांत तेथील एका शिक्षकाचा बराच काळ पगार निघाला असता, हे खरे आहे. म्हणून जाणाऱ्याने नुसत्या पैशांनी होणार नाही असे काम केले पाहिजे. बी. एड. करूनही पहिल्या तासाला माझे पाय लटपटले होते. मग अठरा वर्षांची मुलगी शिक्षकाची जागा कशी घेणार? तिने ती घेऊही नये. तेथील शिक्षकाच्या हाताखाली राहावे, चार-पाच मुलांना घेऊन रोज इंग्रजीत बोलावे, त्यांची भीड घालवावी. भाषा बोलण्याने येते, आणि भीड दोन आठवड्यांत जात नाही. त्यासाठी वर्ष लागते.

आणखी एक गोष्ट. पैसे लवकर मिळावेत म्हणून काही जण परक्या मुलांचे फाटके कपडे आणि केविलवाणे चेहरे दाखवतात. समजा, तुमच्या फाटक्या चपलेचे छायाचित्र कोणी परदेशात दाखवून पैसे मागितले, तर तुम्हांला काय वाटेल? आपण गरीब असू. पण आपली लाज कोणाच्या डब्यात टाकायची नाणी नव्हे.

म्हणून दुसऱ्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याला दोन हिशेब द्यावे लागतात. एक पैसे देणाऱ्याला आणि दुसरा त्या मुलाला. पहिला वहीत लिहिता येतो. दुसरा वर्गात, वर्षभर रोज उभे राहून द्यावा लागतो.

शब्दार्थ
भीड – संकोच
केविलवाणा – दीनवाणा
मोहोरबंद – सील केलेला
ठेव – अमानत

स्वाध्याय
१. मलावीतील शाळांत मुलांची संख्या का वाढली?
२. पदयात्रेतून पैसे कसे जमतात, ते उदाहरणासह लिहा.
३. "तेवढे पैसेच तिकडे पाठवले तर?" या प्रश्नावर तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.