मानवी तस्करीविरोधी परिषद : जाण्यापूर्वी थोडा अभ्यास



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ पासून हाच दिवस मानवी तस्करीविरोधी प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त ठिकठिकाणी जाहीर परिषदा होतात. आपणही जावे; पण भाषणे ऐकून, चहा घेऊन परतण्यापुरते नको.

सुदानच्या दार्फुर भागातील बखिताला लहानपणी पळवून नेले व अनेकदा विकले. पुढे ती इटलीत एका घरी मूल सांभाळू लागली. मालकीण तिला पुन्हा आफ्रिकेत न्यायला निघाली, तेव्हा ती ‘येणार नाही’ म्हणाली. कनोसियन सिस्टर्स तिच्या पाठीशी राहिल्या आणि १८८९ साली ती स्वतंत्र असल्याचा निर्णय व्हेनिसमध्ये झाला. त्या वेळी तिच्या पायात साखळी नव्हती. घरकाम करणारी एक मुलगी, एवढेच लोकांना दिसत होते.

तस्करी म्हटले की आपल्याला बुधवार पेठ आठवते. तो प्रश्न खराच आहे. परंतु कायद्याची व्याख्या त्याहून मोठी आहे. फसवून, धाक दाखवून किंवा लाचारीचा फायदा घेऊन माणसाला शोषणासाठी आणणे, ठेवणे, दुसऱ्याच्या हवाली करणे ही तस्करीच. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये हे स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. ‘ती स्वतःच्या मर्जीने आली’ हा बचाव तेथे चालत नाही.

आता आपला पट्टा पाहा. भोसरी, चाकण, महाळुंगे, तळेगाव येथे परप्रांतांतून व आदिवासी भागांतून माणसे कामाला येतात. बहुतेक जण मेहनतीने पोट भरतात. प्रत्येक मुकादमाकडे संशयाने पाहू नये. पण गावी उचल दिली, ती फिटेपर्यंत हलायचे नाही, आधार कार्ड मुकादमाकडे, हिशेब त्याच्याच वहीत, असे असेल तर ती वेठबिगारी आहे. आणणारा बहुधा ओळखीचाच असतो. योसेफाला विकणारे त्याचे भाऊच होते.

वसईहून इकडे आलेल्या कुटुंबांना ‘लग्नगडी’ हा शब्द माहीत असेल. लग्नासाठी थोडे कर्ज घेऊन आदिवासी तरुण सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. १९८० च्या दशकात वसई तालुक्यातील दहिसर येथे अशा वेठबिगारांना सोडवताना विवेक व विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्यांच्या हाती १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा होता. या कायद्याने असे कर्ज रद्दच होते. फेडायचे काही उरत नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, नाइलाजाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करावे लागणारे कामही सक्तीची मजुरीच होय.

परिषदेत अधिकारी आले असतील तर विचारा : खेड उपविभागाची वेठबिगार दक्षता समिती शेवटची कधी बसली? मुक्ती दाखले किती दिले? या दाखल्यावर १ ते ३ लाख रुपयांपर्यंतचे पुनर्वसन साहाय्य अवलंबून असते. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

एक प्रश्न घरी विचारण्याजोगा आहे, थोडा अवघड. झारखंड, छत्तीसगडमधून एजन्सीमार्फत घरकामाला येणाऱ्या मुलींत कितीतरी आपल्याच कॅथलिक आहेत. आपल्या सोसायटीतल्या अशा मुलीला रविवारी मिस्साला यायला सुट्टी मिळते का? पगार तिच्या हातात पडतो की एजंटाच्या? आईशी ती फोनवर एकटी बोलू शकते का?

काही खटकले तर मुकादमाशी किंवा मालकाशी स्वतः वाद घालू नका. रातोरात माणसे हलवली जातात. ११२ वर पोलिसांना कळवा. मूल असेल तर १०९८, स्त्री असेल तर १८१. ठिकाण, वेळ, गाडीचा क्रमांक लिहून ठेवा आणि फादरांनाही सांगा.