ब्रेकची झीज

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईवरून पुढें सांगलीस जाते. सुटींत सांगलीस जातांना आम्हीही पांचगणीहून पसरणीच्या घाटानें प्रथम वाईस उतरतों. एवढ्यांत आमची गाडी ५०० मीटरांहून अधिक खालीं येते. हा उतार गाडीस जी ऊर्जा देतो, ती कोठें तरी जिरली पाहिजे. सारा भार ब्रेकवर टाकिला तर घर्षणानें तो तापतो, झिजतो व अखेर त्याची पकड सुटते. म्हणून शहाणा चालक घाटमाथ्यावरच खालचा गिअर घालतो. मग एंजिनच गाडीस आवरतें व ब्रेक गरजेपुरताच लागतो.

विमानाचेंही असेंच आहे. वेग दुप्पट झाला कीं जिरवावयाची ऊर्जा चौपट होते. म्हणून जमिनीस टेकतांच मोठें जेट विमान पंखांवरील झडपा उभारतें, एंजिनांतील हवेचा झोत पुढच्या बाजूस वळवितें, आणि उरलेलें काम ब्रेककडे सोंपवितें. पोलादी ब्रेकची झीज मुख्यतः जिरविलेल्या ऊर्जेवर अवलंबून असते. कार्बनच्या ब्रेकची मात्र तो किती वेळां दाबिला यावर. यास्तव विमानतळावर सावकाश चालतांना वैमानिक कार्बनचा ब्रेक वरचेवर हलकेच न दाबतां थोडेच वेळां, पण नीट दाबतो.

विद्यार्थिमित्रहो, सायकलवरून उतार उतरतांना वेग वाढूंच देऊं नका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, इंधन वांचविण्यासाठीं घाटांत गाडी न्यूट्रल करूं नये. चार पैशांच्या इंधनापेक्षां गाडींतील माणसें मोलाचीं आहेत.