शाम्पूचं आलं लावण्यापूर्वी

भाचीने फोनवर फोटो पाठवला तेव्हा मी भात वेळत होते. कानामागे आणि मानेवर, जिथे केस सुरू होतात तिथे, लालभडक पुरळ उठलं होतं आणि मधूनमधून पांढऱ्या तोंडाच्या पुटकुळ्या होत्या. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मावशी, तुझ्या बाटलीनंतर असं झालंय का गं?’

बाटली माझीच होती. देवरूखहून पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पंधरा दिवसांपूर्वी मी ती पाठवली होती. त्या बाटलीत काय होतं आणि ते का असायला नको होतं, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे. हल्ली माझ्याकडे शाम्पूच्या आल्याचे गड्डे मागायला बायका येतात. गड्डा मी आनंदाने देते, पण आधी प्रत्येकीला ओटीवर बसवून ही सगळी हकिकत ऐकवते.

झाडाचं नाव झिंजिबर झेरुंबेट. रोपवाटिकेत त्याला ‘शाम्पू जिंजर’ म्हणतात, आमच्या घरात ते ‘शाम्पूचं आलं’ झालं. आल्याच्याच गोत्रातलं, मूळचं भारतापासून मलायापर्यंतच्या पट्ट्यातलं. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी शेकडो वर्षांपूर्वी त्याचे कंद होड्यांतून हवाई बेटांवर नेले. तिथे ते रानात पसरलं आणि ‘अवापुही कुआहिवी’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिथले लोक त्याची लाल बोंडं पिळून निघणारा सुगंधी रस केसांना लावत. कंद वाळवून त्याची पूड कापा नावाच्या सालीच्या कापडात ठेवत, कापडाला वास लागावा म्हणून. भट्टीत मांस किंवा मासे भाजताना सोबत पानं घालत. हे वाचलं तेव्हा मला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आठवल्या आणि झाड एकदम जवळचं वाटलं. आपल्याकडेही शिकेकाईत गव्हला-कचोरा पडतोच, आणि कचोरा हळदीच्याच जातकुळीतला. केसांसाठी आल्या-हळदीचं गोत्र आपल्याला परकं नाही.

पहिली दोन वर्षं मात्र भलत्याच झाडामागे गेली. फोटो पाहून मागवलेलं रोप आलं, जोमाने वाढलं, लाल तुरे आले. मी ते पिळले तर हाताला नुसता कोरडा चुरा लागला. ते होतं शोभेचं लाल आलं, अल्पिनिया. दिवाणखान्यातल्या फुलदाणीत सुंदर दिसतं, केसांसाठी त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या वर्षी एकीने ‘हेच ते’ म्हणून रानातून कंद आणून दिले, ते निघालं पेव. पेवाची बोंडंही लाल असतात, म्हणून फसायला होतं.

ओळखायचं कसं, ते फूल येण्याच्या जागेवरून कळतं. शाम्पूच्या आल्याचं बोंड पानांच्या दांड्यावर येत नाही. ते जमिनीतून वेगळ्या, बिनपानांच्या दांड्यावर वर येतं, वीत-दीड वीत उंच, मिटलेल्या मुठीसारखं. आधी हिरवं असतं, खवल्यांमधून एकेक फिकट पिवळं नाजूक फूल डोकावतं, मग हळूहळू सगळं बोंड लाल होतं. पेवाचं आणि अल्पिनियाचं फूल पानांच्या दांड्याच्या शेंड्याला येतं. पेवाची पानं तर दांड्याभोवती जिन्यासारखी गोल गोल चढत जातात, आल्याची दोन बाजूंना समोरासमोरच्या ओळींत असतात. एवढं पाहिलं की चूक होत नाही. नावावर मात्र विसंबू नका. हवाईत सोनटक्क्यालाही ‘पांढरी अवापुही’च म्हणतात. सोनटक्का वेणीत माळावा, त्याच्याकडून शाम्पूची अपेक्षा करू नये.

तिसऱ्या वर्षी खरे गड्डे मिळाले. वैशाखात लावले, आणि आश्विनात पहिलं बोंड पिळलं तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. बोंड लाल होऊन फुगलं होतं. खवल्यांच्या फटींत पावसाचं पाणी नि मुंग्या होत्या, म्हणून ते उलटं धरून झटकलं, पाण्याने धुतलं आणि तळव्यात धरून दाबलं. बोटांतून पारदर्शक, बुळबुळीत रस सुटला, कोरफडीच्या गरापेक्षा पातळ, आणि वास आल्यासारखा असूनही तिखट नव्हे, जरा फुलासारखा. एका बोंडातून दोन-तीन चमचे निघाला. तो ओल्या केसांना चोळून दहा मिनिटांनी धुतला. रिठ्यासारखा भरभरून फेस झाला नाही, पण केस वाळल्यावर कंगवा एकदाही अडकला नाही. माझे केस भरड आहेत, त्यामुळे हे माझ्या दृष्टीने फार मोठं होतं. त्या आनंदात मी भाचीला फोन केला.

भाची तेव्हा सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. तिचे केस सहा-सात महिने मुठीमुठीने गळत होते. न्हाणीघराच्या जाळीवर केसांची गुंडी साठते, असं ती सांगायची. मी म्हटलं, ‘औषधं-बिषधं नको, मी तुला आपल्या वाडीतलं पाठवते.’ हे वाक्य मी बोलले, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

दिवाळीपर्यंत बोंडं होती. मी पिळून, गाळून बाटल्या पाठवत राहिले. कार्तिकात बोंडं संपली, पानं पिवळी पडायला लागली. हळदीचा पाला पिवळा पडला की पीक तयार झालं, आता पाणी बंद करायचं, हे मी सासूबाईंकडून चाळीस वर्षं शिकलेली बाई. पण भाचीचे केस डोळ्यांसमोर होते. आणखी दोन बोंडं येतील या आशेने मी रोज पाणी घालत राहिले. बोंडं आली नाहीत. मग मी गड्डाच उकरला, किसला, वाटला, गाळून रसात मिसळला आणि बाटली भरून पाठवली. माझी समजूत अशी, की बोंडात जे आहे ते कंदात जास्तच असणार. ‘रात्री लावून झोप, सकाळी धू,’ असंही सांगितलं.

ओला कंद म्हणजे आलंच. त्याच्या तेलात उग्र, झोंबणारी द्रव्यं असतात. ती तासन्‌तास त्वचेवर राहिली तर कातडी लाल होते, सोलवटते, आणि एखादीला तर ॲलर्जीच सुरू होते. त्यात ती बाटली प्रवासात दिवसभर उन्हात होती आणि नंतर पंधरा दिवस न्हाणीघरात. कंदाचा रस म्हणजे पिष्टाचं पाणी, ते आंबायला वेळ लागत नाही. भाची नंतर म्हणाली, वास बदलला होता, पण मावशीने दिलंय म्हणून लावत राहिले.

त्वचेच्या डॉक्टरांनी पुरळ पाहिलं, ते आठवड्याभरात बसलं. पण त्यांनी मान पाहून थांबायचं सोडून पुढचं विचारलं, केस कधीपासून गळतायत, थकवा येतो का, थंडी इतरांपेक्षा जास्त वाजते का, वजन वाढलंय का, पाळी कशी आहे. हो-नाहीच्या सगळ्या प्रश्नांना भाचीने होकार दिला. रक्त तपासलं, थायरॉइड मंदावलेलं निघालं आणि सोबत लोहाचीही कमतरता. रोज एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत गळणं कमी झालं. कपाळाशी उगवलेले नवे केस लांब व्हायला मात्र वर्ष गेलं, कारण केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो. मी बाटल्या पाठवत होते ते सगळे महिने ती दमलेली होती, लिफ्ट बंद असली की जिन्यात मध्येच बसत होती, आणि मी फोनवर विचारत होते, ‘रस संपला का गं?’

म्हणून ही गोष्ट मी फार जपून सांगते. हे झाड केस मऊ करतं, गुंता सोडवतं, टाळूला हलकं वाटतं. ते केस उगवत नाही. दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं निसर्गाचंच आहे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, टायफॉइड-डेंग्यूसारख्या तापानंतर खूप गळतात आणि सहसा आपोआप थांबतात. पण तीन महिन्यांहून जास्त काळ मुठीने केस येत असतील, भांग रुंद होत असेल, एखादा चट्टा पडला असेल, तर आधी रक्ताची तपासणी करा, लोह आणि थायरॉइड बघा. वाडीतलं झाड कुठे पळून जात नाही, ते नंतर लावता येतं.

आता ज्यांना खरोखर लावायचंय त्यांच्यासाठी.

बेणं म्हणून बोटभर लांबीचा, निदान दोन डोळे फुटलेला, दाबून टणक लागणारा गड्डा घ्या. आमच्याकडे मृग लागण्याआधी, वैशाखाच्या शेवटी लावतो. कोकणातल्या पावसात सपाट जमिनीत लावलात तर आषाढातच कंदकूज होते, म्हणून गादीवाफा हवाच, वीतभर उंच, उताराकडे चर काढलेला. जांभ्याच्या मातीत कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. कंद दोन बोटं खोल, डोळे वर. वर सुकल्या पानांचं आच्छादन घाला. सावली हवी, पण काळोख नको. माझा वाफा सुपारीखाली आहे, सकाळचं ऊन लागतं, दुपारचं नाही. घाटावर किंवा शहरात गच्चीवर लावणार असाल तर खोलपेक्षा रुंद कुंडी घ्या, कारण कंद आडवे धावतात, आणि तळाला भोकं मोकळी आहेत ना हे दर आठवड्याला बघा. पहिल्या वर्षी बोंडं दोन-चारच येतील. ती न तोडता बघण्यातच पहिलं वर्ष घालवलंत तरी चालेल.

कार्तिकात पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, मार्गशीर्षात पूर्ण बंद. झाड मेलं असं वाटेल, दांडे आडवे होतील. ते झोपलेलं असतं. मी त्या वर्षी पाणी घालत राहिले, आणि फाल्गुनात वाफा उकरला तेव्हा हातात आला तो काळपट, लिबलिबीत, घाण वासाचा चिखल. बारा गड्ड्यांतले नऊ गेले. कुंडीतलं झाड असेल तर हिवाळ्यात ती पडवीत कोरडी ठेवून द्या, आणि वळवाचा पाऊस पडून हिरवा कोंब दिसला की मगच पाणी.

रस ताजाच वापरा. बोंड पूर्ण लाल झालेलं, दाबलं की ओल सुटणारं असावं. मुंग्या झटका, धुवा, स्वच्छ पंच्यातून गाळा. साठवायचाच तर काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांच्या वर नाही. तेलकट केस यानेच स्वच्छ होतील असं धरून चालू नका, तेलाला आपली शिकेकाईच बरी. शिकेकाईने केस धुऊन वरून हा रस लावून धुणं मला सर्वांत मानवतं. पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली, काहीही दिसलं तर तुमच्यासाठी हे झाड फक्त शोभेचं. डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांच्या डोक्याला लावू नका, आणि कंद किसून टाळूला फासू नका, कितीही कुणी सांगितलं तरी.

आणखी एक, हे वाडीबाहेरचं. जास्तीचे कंद पऱ्ह्याच्या काठी फेकू नका. या गोत्रातली काही झाडं परमुलखात गेली की आवरत नाहीत. हिमालयातला काहिली आल्याचा पिवळा तुरा हवाईच्या जंगलांत शिरला आणि तिथली मूळ झाडं दबून गेली, सोनटक्काही तिथे ओढ्याकाठी रान माजवतो. कुणाला द्यायचे नसतील ते कंद वाळवून जाळा किंवा खड्ड्यात खोल पुरा.

गेल्या आश्विनात भाची चार दिवस राहायला आली. पहाटे उठून उपाशीपोटी गोळी घेतली, अर्ध्या तासाने चहा मागितला. दोन दिवस आधीच तिने कोपरात थेंब लावून पाहिला होता, मला न विचारता. मग परसात जाऊन एक बोंड स्वतःच निवडलं, फुगलेलं, गडद लाल. विहिरीजवळच्या दगडावर बसून तिने ते हातानेच पिळलं आणि मान खाली घातली. मी तांब्याने हळूहळू पाणी ओतत राहिले. मानेवर, कानामागे, सगळं नितळ होतं.