एका सेशनचे किती, हा अर्धाच प्रश्न

समुपदेशकाला पहिला फोन लावला की आपण पहिलं काय विचारतो? "एका सेशनचे किती?" कुठं जायचं ते न सांगता रिक्षावाल्याला भाडं विचारावं, तसं हे झालं. खर्च ठरतो तो किती सेशन लागतील यावर, आणि ते ठरतं तुमच्या अडचणीवर आणि समोरच्याच्या पद्धतीवर. ही पद्धत मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आधी दर. मुंबई-पुण्यात खासगी समुपदेशकाकडे ४५ ते ६० मिनिटांच्या बैठकीला साधारण १००० ते २५०० रुपये पडतात, नावाजलेल्यांकडे आणखी. लहान शहरांत ५०० ते १००० मध्येही काम होतं. ऑनलाइन घेतलं की फी थोडी उतरते, जाण्यायेण्याचा अर्धा दिवसही वाचतो. फक्त घरात दार लावून बोलता येईल अशी खोली हवी. दोन खोल्यांच्या घरात ती कुठून आणायची, हा प्रश्न फीपेक्षा अवघड असतो.

पैसे कुणाला देतोय हेही पाहा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमडी झालेला डॉक्टर, औषधं तोच देतो. "हजार रुपये घेतले आणि दहा मिनिटांत बाहेर काढलं," ही तक्रार बहुधा त्याच्याबद्दलच ऐकू येते. पण नंतरच्या भेटीत तो औषध लागू पडतंय का ते बघत असतो, तासभर बोलणं हे त्याचं काम नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. 'समुपदेशक' या पाटीवर मात्र अजून तसा पक्का लगाम नाही. एम.ए. मानसशास्त्र, त्यापुढचं प्रशिक्षण आणि कुणाच्या देखरेखीखाली केलेलं काम, या तीन गोष्टी विचारा. चार रविवारांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, एवढंच.

आता पद्धती. चिंता, भीती, परीक्षेचं दडपण, सौम्य नैराश्य यांसाठी सर्रास वापरली जाते ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला विचार आपल्याला जास्त छळतो, हे धरून ती चालते. तिची थोरली बहीण आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धत. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत मराठी वाचकाला परकी नाही. किशोर फडके यांनी ती इथं रुजवली, आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे ती घरोघरी पोचली. अशा कामाला साधारण ८ ते २० बैठका लागतात. १२ बैठका, १२०० रुपये दर, म्हणजे १४,४०० रुपये. इथं गृहपाठ असतो: कोणत्या प्रसंगी मनात काय आलं ते वहीत लिहायचं, टाळलेली गोष्ट थोडी थोडी करून बघायची. वही कोरी नेलीत की ते सेशन मागचंच उगाळण्यात जातं. खर्च वाचवायचा, तर वही भरून नेण्यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत सल्ला जवळजवळ मिळतच नाही. समुपदेशक मन लावून ऐकतो, तुमचंच बोलणं तुमच्यापुढं धरतो. "तीन सेशन झाले, अजून काही सांगितलंच नाही," असं म्हणून लोक उठून जातात. ती फसवणूक नसते, तुम्हाला हवं होतं ते वेगळं होतं. नोकरी सोडू की नको याचं उत्तर हवं असेल तर इथं चिडचिड होईल. कुणाचं जाणं आतल्या आत साचलं असेल तर हेच उपयोगी पडेल.

फ्रॉइडच्या घराण्यातल्या पद्धती लांब पल्ल्याच्या. बालपणापासूनचे धागे उकलायचे, आठवड्याला एकदा तरी जायचं, वर्षभर किंवा त्याहून जास्त. १५०० रुपये दराच्या ४८ बैठकांचे ७२,००० होतात. नात्यात तीच ठेच पुन्हा पुन्हा लागत असेल तर हा खर्च सार्थकी लागू शकतो. विमानप्रवासाची भीती घालवायला मात्र इतकं लांब जायची गरज नाही.

जोडप्याचं सेशन दीड तासापर्यंत चालतं, म्हणून फीही चढी. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलंच असेल तर तिथले विवाह समुपदेशक भेटतात, त्यांना वेगळी फी द्यावी लागत नाही.

दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घ्या, दोन फुकट, असं कुणी म्हणालं तर थांबा. पद्धत कोणतीही असो, माणसाशी सूर जुळणं हा उपचाराचा मोठा भाग आहे, आणि तो जुळतोय का हे दोन-तीन भेटींशिवाय कळत नाही. बहुतेक ठिकाणी २४ तास आधी न कळवता दांडी मारली की पूर्ण फी लागते, तेही आधीच विचारून घ्या.

पैसेच नसतील तर १४४१६. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं गर्दी असते, दर आठवड्याला तासभर मिळेलच असं नाही. पण जीव नकोसा झालाय, झोप पार उडालीय, कानात आवाज येताहेत, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, बोलणं नंतर.

विम्याची आशा बेताचीच ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं संरक्षण द्यायला सांगितलं, पण साध्या पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं कलम असेल तरच समुपदेशनाची पावती पुढं करून पाहा. मोठ्या कंपनीत असाल तर एचआरकडे चौकशी करा, काही सेशन कंपनीच्या खर्चानं मिळतात आणि कित्येकांना ते ठाऊकही नसतं.

आणि परवडत नसेल तर तसं सरळ सांगा. बरेच समुपदेशक थोड्या जागा कमी फीसाठी राखून ठेवतात, पाटीवर तेवढं लिहीत नाहीत.