म्हापशाच्या बाजारातल्या लाल माळा

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लालभडक सॉसेजच्या माळा उघड्यावर टांगलेल्या पाहिल्या. गोव्याच्या दमट हवेत हे मांस फ्रीजशिवाय टिकतं कसं? आणि पदार्थ मुळात गोव्याचा की पोर्तुगीजांचा?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते चोरीस. घडण पोर्तुगीजांची, पण इथल्या हवेत ते टिकवायच्या खटपटीतच ते पुरतं गोव्याचं झालं.

पोर्तुगालमध्ये डुकराच्या मांसाला मीठ, लसूण, वाइन आणि गोडसर लाल मिरचीची पूड चोळून ते आतड्यात भरतात आणि थंडीच्या दिवसांत धुरावर सुकवतात. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतलं. म्हापसा ज्यात येतं तो बारदेश 1543 मध्ये त्यांच्याकडे गेला. पुढे ख्रिस्ती झालेल्या घरांत हा पदार्थ रुजला. पण गोव्यात द्राक्षं कुठली? माड मात्र दारात होते. रेंदेर माडावरून सूर, म्हणजे माडी, काढतो, ती आंबत ठेवली की व्हिनेगर तयार होतो. वाइनची जागा त्याने घेतली. मिरची पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली. इथे तिच्या जोडीला आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद आली.

टिकण्याचं मर्म कृतीतच आहे. मांसाचा खिमा करत नाहीत. मांस आणि चरबीचे हातानेच बारीक तुकडे करतात. त्यांना मीठ लावून वर वजन ठेवलं की पाणी सुटून निथळतं. मसाला वाटायचा तोही व्हिनेगरमध्येच. पाण्याचा थेंब लागला तर माल लवकर नासतो. मसाल्यात मुरलेले तुकडे आतड्यात ठासून भरायचे, दोऱ्याने गाठी मारायच्या आणि माळा कडक उन्हात वाळवायच्या. मीठ आणि ऊन ओलावा काढून घेतात, व्हिनेगरचं आम्ल जंतूंना वाढू देत नाही. मिरचीचा वाटा टिकवण्यापेक्षा रंगाचा आणि चवीचा जास्त.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पावसाळ्यासाठी. समुद्र खवळला की होड्या किनाऱ्याला लागतात आणि ताजी मासळी दुर्मीळ होते. म्हणून आपल्याकडे कोकणात आगोटीची बेगमी करतात, तसं गोव्यात पुरुमेंत भरतात : सुकी मासळी, लोणची, कोकमं, मिरच्या आणि ख्रिस्ती घरांत चोरीससुद्धा. पाऊस लागला की माळा चुलीवर टांगायच्या. रोजच्या धुराने त्यांना बुरशी धरत नाही आणि चवही चढते. एरवी थोडक्या चोरीसात बटाटे-कांदे घातले की घरभर माणसांना कालवण पुरतं. पुलावातही तेच.

सावंतवाडीला माळ न्यायची असेल, तर लहान मण्यांची, हाताला घट्ट लागणारी घ्या. मऊ, ओलसर असेल ती लवकर संपवा. कातडं सोलून तुकडे कांद्याबरोबर थोड्या पाण्यात शिजत ठेवा. तेल घालूच नका. पाणी आटलं की चरबी आपोआप सुटते, त्यातच ते परतलं जातं. गरम पावात भरून खा. मात्र पोर्तुगालमधलं मुरवून वाळवलेलं सॉसेज चकत्या करून तसंच खातात, म्हणून इथे तो प्रयोग करू नका. आपलं चोरीस कच्चं असतं. ते नीट शिजवूनच खायचं.