रोबोला चेन लावावी की टायमिंग बेल्ट? चांदूर रेल्वेतून मांडलेला हिशेब

चांदूर रेल्वेत सायकलची चेन संध्याकाळी तुटली, तर संध्याकाळीच जोडून मिळते. टायमिंग बेल्ट तुटला तर कुरिअरची वाट पाहावी लागते. स्पर्धेचा रोबो बांधणाऱ्या मुलांनी आणि पैसे देणाऱ्या पालकांनी आधी हे लक्षात घ्यावं, किमती नंतर विचाराव्या.

चार चाकांचा रोबो धरू. दोन्ही बाजूंना एकेक मोटर, मागचं चाक पुढच्याला फिरवणार. सायकलच्या मालात दोन चेन आणि चार स्प्रॉकेट साधारण आठशे ते हजारात येतात. वेल्डिंगची मजुरी वेगळी. स्वस्त आहे, पण अडचण आकाराची. सायकलच्या चेनचा पिच 12.7 मिलिमीटर, म्हणून 18 दात्यांचं स्प्रॉकेट 73 मिलिमीटरचं होतं. चाक 100 मिलिमीटरचं असेल तर चेन आणि जमीन यांत सेंटीमीटरभरही जागा उरत नाही. शिवाय चेन झिजून लांबते, आणि तिच्या तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच.

बेल्टमध्ये ‘5एम’ मापाची, 15 मिलिमीटर रुंदीची जात या कामाला पुरते. तिची 18 दात्यांची पुली जेमतेम 29 मिलिमीटरची. बेल्ट अडीचशे ते चारशे रुपयांना, ॲल्युमिनियमची पुली चारशे ते सातशेला पडते. दोन बेल्ट आणि चार पुल्या म्हणजे एकवीसशे ते छत्तीसशे. हे भाव अंदाजाचे आहेत. दुकान, जीएसटी आणि कुरिअर यांप्रमाणे बदलतील. पण खरा खर्च पुल्यांचा असतो, हे यातून दिसतंच.

तो कमी करता येतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर थ्रीडी प्रिंटरवर पुली काढा, फिलामेंट पंचवीस-तीस रुपयांचंही लागत नाही. बेल्टचा ताण एकदम आठ-नऊ दात्यांवर वाटला जातो, म्हणून प्लास्टिकची पुलीही टिकते. मात्र शाफ्टचं भोक नुसत्या प्लास्टिकचं ठेवू नका, ते झिजून गोल होतं आणि पुली जागेवरच फिरते. मधे धातूचा हब बसवून स्क्रूने आवळा.

बेल्टची एक अट कडक आहे. चेनची कडी काढता येते, बेल्ट कापून जोडता येत नाही. म्हणून आधी बेल्ट निवडायचा, मग भोकं पाडायची. 600 मिलिमीटरचा बेल्ट, दोन्ही पुल्या 18 दात्यांच्या: 600 मधून 18 गुणिले 5, म्हणजे 90 वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा. 255 मिलिमीटर आले. दोन शाफ्टच्या मध्यांत नेमकं एवढंच अंतर हवं. हातातल्या ड्रिलने भोक मिलिमीटरभर सरकलं तरी बेल्ट ढिला पडून दाते सोडतो, नाहीतर इतका ताणतो की बेअरिंग बसतं. एका शाफ्टला लांबट खाच ठेवली की बेल्ट ताणता येतो. पट्टी लेझरने कापून घेतलीत तर उत्तमच. ते पैसे वाया जात नाहीत.

पिठाच्या गिरणीचा व्ही-बेल्ट मात्र कुणी सुचवला तरी घेऊ नका. तो घसरतो, मग दोन बाजूंची चाकं सारखी फिरत नाहीत आणि रोबो सरळ जात नाही.

माझा सल्ला असा: मापं अजून रोज बदलत असतील तर चेनच लावा. ड्रॉइंग पक्कं झालं की बेल्टवर या. नागपूरहून मागवा की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून, पिच, लांबी आणि रुंदी तिन्ही लिहून द्या, आणि दोन लागत असतील तर तीन मागवा.