डाख की डिंक?

रेडिओ असो, दूरदर्शन संच असो वा खिशातला मोबाईल. त्याचे झाकण उघडले की आत बहुधा एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर लहानमोठे घटक बसवलेले असतात आणि त्यांच्या पायांशी धातूचे चकचकीत ठिपके असतात. हा ठिपका म्हणजे डाख. त्याला दोन कामे करावी लागतात : घटकाला घट्ट धरून ठेवणे आणि वीज पुढे जाऊ देणे. यांतले एक काम बिघडले तरी उपकरण मुके होते. कलाशाखेच्या वाचकालाही या ठिपक्याची ओळख असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

डाखाचे तत्त्व आपल्याला नवे नाही. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि त्यावर कथील फिरवतो. इलेक्ट्रॉनिक डाखातही कथीलच मुख्य. नवसागराच्या जागी बहुधा राळ येते. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण अवघ्या १८३ अंशांना वितळते. या सोयीमुळेच ते अनेक दशके सर्वमान्य राहिले.

अडचण आहे ती शिशाची. ते मज्जासंस्थेला घातक असून लहान मुलांना त्याचा धोका विशेष. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून, काही अपवाद वगळता, नव्या विद्युत उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारतातही ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत हीच मर्यादा आली. मग कथील, चांदी व तांबे यांचा डाख रूढ झाला. पण तो सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. इतकी उष्णता काही नाजूक घटकांना व प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांना सोसत नाही. येथे दुसरा पर्याय पुढे येतो, तो वाहक चिकटद्रव्याचा.

इपॉक्सीसारखा डिंक स्वतः विजेला वाट देत नाही. म्हणून त्यात चांदीचे बारीक पापुद्रे मिसळतात. ओढ्यात चारदोन दगड टाकले तर पलीकडे जाता येत नाही. दगड वाढत गेले की एका क्षणी सलग वाट तयार होते. चांदीचेही तसेच. ठराविक प्रमाण ओलांडताच पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि वीज वाहू लागते. चांदीवर गंज चढला तरी तो बऱ्यापैकी वाहक असतो, हा आणखी एक लाभ. असे डिंक १५० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही घट्ट होतात. दुसऱ्या एका प्रकारात कण विरळ ठेवून वर दाब देतात. मग वीज फक्त उभ्या दिशेने जाते, शेजारच्या तारेला लागत नाही. काचेचे पडदे जोडण्यासाठी ही युक्ती फार उपयोगी पडते.

मग डाख हद्दपार का झाला नाही? कारणे स्पष्ट आहेत. चांदीच्या डिंकाचा विद्युत्‌रोध साधारणतः डाखाच्या दहापट असतो, आणि उष्णताही तो कमी वाहून नेतो. दमट हवेत कथिलाचा मुलामा असलेल्या पायांशी त्याचा सांधा हळूहळू बिघडतो. त्याला सोन्याचांदीचा मुलामा मानवतो. वितळलेला डाख किंचित वाकडा बसलेला घटक आपल्या पृष्ठताणाने जागेवर ओढून घेतो, डिंक तसे करीत नाही. शिवाय चांदी महाग.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुरुस्तीचा. डाख पुन्हा तापवला की वितळतो. नादुरुस्त घटक काढून नवा बसवता येतो. आपल्याकडच्या लहान दुरुस्ती-दुकानांचा व्यवसाय या एका गुणावर उभा आहे. एकदा घट्ट झालेला इपॉक्सी मात्र तापवला तर मऊ होतो, वितळत नाही. घटक खरवडून काढावा लागतो. त्यात पाटीही दगावू शकते.

तेव्हा एकाने दुसऱ्याला हरवले, असे म्हणता येत नाही. जेथे प्रवाह मोठा आणि दुरुस्तीची शक्यता आहे, तेथे डाख. जेथे उष्णता सोसवत नाही, तेथे डिंक. मात्र सांधा कशाने जोडावा, या प्रश्नात तो उद्या कोणाला सोडवावा लागेल, हा प्रश्नही दडलेला आहे. वस्तू टिकावी की टाकून द्यावी, हे पुष्कळदा त्या एका ठिपक्यावर ठरते.